आधी अंग मोकळे, मग डाव

नरकचतुर्दशीची पहाट असते. अंधार पुरता फिटलेला नसतो. न्हाणीत पाणी तापत असते, वाटीतले तेल कोमट झालेले असते आणि आई किंवा आजी घरातल्या एकेका पोराला पाटावर बसवून खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत ते जिरवीत असते. पोर कुडकुडते, कुरकुरते. पण हळूहळू त्याचे आखडलेले अंग सैल पडते. पहिल्या आंघोळीच्या या सोहळ्यामागे धर्म असेल, हौस असेल. परंतु त्याच्या पोटात एक साधे शहाणपणही आहे. थंडीने अंग आखडते आणि आखडलेल्या अंगाला एकदम कामाला जुंपू नये, हे ते शहाणपण.

त्याच घटकेला शिरूरच्या किंवा दौंडच्या वेशीबाहेर डांबरी रस्त्याच्या कडेने पाचदहा पोरे धावत निघालेली दिसतात. सणाचा दिवस असला तरी त्यांचा खाडा नसतो. कुणाला पोलिसात भरती व्हायचे आहे, कुणाला सैन्यात. कुणी तालुक्याच्या कबड्डी संघात आहे, कुणी शाळेच्या खो-खोत. पोलीस शिपायाच्या मैदानी परीक्षेत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटरची धाव असते, गोळाफेक असते, आणि सेकंदासेकंदावर गुण अवलंबून असतात. त्यामुळे घराबाहेर पाऊल पडले की पोरे घड्याळ लावतात आणि सुटतात. मांडीची शीर भरली, घोटा मुरगळला, तर तेल चोळून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुटतात. एखाद्याच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला, तर मात्र वर्ष जाते. आणि भरतीच्या वयाला एका वर्षाची किंमत काय असते, हे त्या घरातल्यांनाच विचारावे.

खेळापूर्वी अंग गरम करण्याला आज 'वॉर्मअप' म्हणतात. शब्द इंग्रजी असल्यामुळे गोष्टही साहेबाची असावी, असा पुष्कळांचा समज असतो. ही गोष्ट आपल्या मातीत फार जुनी आहे; मधल्या काळात ती आपल्या हातून सुटली, आणि आता शास्त्राच्या वाटेने ती परत येऊ पाहत आहे. तिचा हा थोडासा इतिहास.

शिरूर आणि दौंड या दोन गावांत उभे राहून तो सांगावा, हे अनेक अर्थांनी योग्य आहे. शिरूर हे घोड नदीच्या काठचे. जुनी माणसे अजून त्याला घोडनदीच म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे इंग्रजांची छावणी होती. १८१७ साली उभा राहिलेला, पुढे 'पूना हॉर्स' या नावाने गाजलेला रिसाला याच छावणीत दीर्घकाळ नांदला. १८१७च्या अखेरच्या रात्री कोरेगावकडे जी फौज निघाली, तीही येथूनच. दौंडचे नशीब रेल्वेने घडवले. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि भीमाकाठचे हे गाव जंक्शन बनले. रेल्वेबरोबर अँग्लो-इंडियन वस्ती आली. आज तेथे राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत, जवळच नानवीजला त्या बलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. एका गावाने रिसाला पाहिला, दुसरे रोज पोलिसांची कवायत पाहते. आणि दोन्ही तालुक्यांत जत्रेचा फड भरला की आजही तांबड्या मातीत शड्डू घुमतो. माणसाचे शरीर कामासाठी कसे तयार करावे, हा प्रश्न या भागाला परका नाही.

रिसाल्यातल्या स्वाराला हे शिकवावे लागत नसे. घोड्याला ठाणावरून सोडून थेट चौखूर उधळवणारा स्वार कोणत्याही रिसालदाराने ठेवून घेतला नसता. आधी घोडा चालीने न्यायचा, मग दुडकीवर धरायचा आणि त्याच्या अंगात ऊब आली म्हणजे मग लगाम सैल सोडायचा. शिरूरच्या भागात बैलगाडा शर्यतीचा मोठा शौक आहे. त्यातला जाणता गाडामालकही बैल गोठ्यातून सोडून थेट घाटात जुंपत नाही. मुक्या जनावराच्या पायाची जी काळजी आपण घेतो, ती आपल्या पोराच्या पायाची घेतो का, एवढाच प्रश्न आहे.

तालमीत ती घेतली जात असे. पूर्वीच्या तालमीतली पहाट डोळ्यांपुढे आणा. पोरगा आला, मारुतीच्या पाया पडला, लंगोट कसला, म्हणून तो लगेच कुस्तीला उभा राहत नसे. आधी त्याच्या हातात फावडे येई. हौद्यातली माती रात्रभरात दबून बसलेली असते. ती खणायची, ढेकळे फोडायची, खालची वर करायची आणि सारखी पसरायची. या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ राखलेली असते. पण ती उकरली नाही तर तीच माती पडणाऱ्याचे हाड मोडील. खणणारा पोरगा म्हणे, आपण वस्तादांचे काम करतो आहोत. खरे तर तो आपलेच अंग तापवीत असे. कंबर, खांदे, मांड्या, मनगटे या एका कामात सगळ्यांना कामाला लागावे लागते. माती मऊ होई आणि मल्लही मऊ होई. दोघांची तयारी एकाच फावड्याने!

त्यानंतर जोर आणि बैठका. जोरांनी खांदे, छाती आणि पाठ. बैठकांनी मांड्या आणि गुडघे. मग मानेची मेहनत, कारण चितपट न होता पुलावर तग धरायचा तर मान बळकट हवी. मग कुठे जोडी. तीही वस्ताद लावून देतील ती. नव्या पोराला बरोबरीच्या पोराशीच सोडायचे, आधी पडायला शिकवायचे, मग पाडायला. शेवटी लढत संपली म्हणजे अंगावर माती ओढून स्वस्थ पडायचे आणि घाम हळूहळू जिरू द्यायचा. ऊब, बळ, तोल, पडण्याची कला, चढत्या क्रमाने ताण आणि अखेरीस विसावा, असा हा क्रम होता. 'तालीम' या शब्दाचा अर्थच मुळी शिकवण. नाटकवाल्यांनीही हा शब्द उचलला, तो उगीच नव्हे. प्रयोगाआधी नटाला तालीम लागते, तशी डावाआधी सांध्यांना लागते.

ही परंपरा किती जुनी आहे? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लांच्या तयारीचा तपशील आहे. भार उचलणे तो भारश्रम, चालणे तो भ्रमणश्रम, पाण्यात पोहणे तो सलिलश्रम, खांबावरची मेहनत तो स्तंभश्रम, असे निरनिराळे श्रम त्यात सांगितले आहेत. कुस्ती म्हणजे नुसती झोंबाझोंबी नव्हे, तिच्याआधी शरीराची रीतसर मांडणी करावी लागते, ही जाण आठ-नऊशे वर्षांपूर्वी पक्की झालेली होती.

यातला स्तंभश्रम मधल्या काळात मागे पडला. त्याला नवा जन्म दिला तो दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. त्याची कथा पुण्यात अजून सांगतात. अली आणि गुलाब नावाचे दोन बलाढ्य मल्ल दरबारात आले आणि त्यांनी आव्हान दिले. कोणी पुढे होईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी विडा उचलला. मात्र तयारीला काही दिवसांची मुदत मागितली. ते वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर गेले, तेथे मारुतीने त्यांना खांबावरच्या उड्या दाखवल्या आणि परत येऊन त्यांनी मल्लाला पाडले. कथेतला चमत्कार ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. मला तिच्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. या तरुणाने आव्हान स्वीकारले, पण त्याच पावली हौद्यात उडी घेतली नाही. त्याने आधी तयारीचा अवधी मागितला! आणि ती तयारी केली ती अशा जोडीदाराबरोबर, की ज्याला दुखापत होत नाही आणि जो दुखापत करीत नाही. मल्लखांब म्हणजे लाकडाचा मल्ल. त्याच्यावर पकड, तिढा, सूर आणि तोल घोटून मगच जिवंत मल्लाच्या अंगाला भिडायचे.

पेशवाई बुडाली, पण ही विद्या बुडाली नाही. विसाव्या शतकात तिला संस्थांचे बळ मिळाले. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात खो-खोचे नियम बांधले गेले. त्याच वर्षी अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, आणि या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगापुढे मांडले. १९२४ साली पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ सुरू केले. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत सिद्ध केला. आणि औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले. त्यावर त्यांनी १९२८ साली इंग्रजीत पुस्तकही लिहिले. सूर्यनमस्काराकडे आजच्या प्रशिक्षकाने खेळाच्या दृष्टीने पाहावे. त्यात कंबर वाकते, पाठ कमानते, पाय मागे-पुढे जातो, खांद्यांवर भार येतो, आणि हे सारे चालत्या लयीत होते. साधन लागत नाही, सहा फूट जागा पुरते.

मग ही साखळी तुटली कुठे?

ती तुटली मैदानावर. तालमीत एकच दार होते आणि त्या दाराशी वस्ताद होता. मेहनत केल्यावाचून हौद्यात उतरायची सोय नव्हती. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, क्रिकेट हे खेळ उघड्या जागेत आले. तेथे चेंडू टाकला की डाव सुरू. शाळेत कवायतीचा तास होता. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग याने १८१३ साली स्टॉकहोमला काढलेल्या संस्थेतून निघालेली व्यायामपद्धती सैन्यांतून आणि शाळांतून जगभर पसरली होती. आमच्या कवायतीत तिचाही अंश होताच. परंतु परीक्षेचे वर्ष आले की हा तास गणिताला दिला जाऊ लागला. उरला तो सामना आणि सामन्यापूर्वीचा शिट्टीचा आवाज. मुलींचे तर आणखीच वेगळे. तालमीचे दार बहुतेक ठिकाणी त्यांना कधी उघडलेच नाही. त्या थेट मैदानावर आल्या आणि तालमीची शिस्त हाती येण्याआधीच सामने त्यांच्या वाट्याला आले.

यात जाते काय, हे एका नावाने कळावे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक, कांस्यपदक, मिळवून आले. चार वर्षांनी मेलबर्नला त्यांनी पुन्हा उतरावे, अशी साऱ्यांची आशा होती. पण त्याआधीच गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि ती आशा संपली. १९५५ साली ते पोलिसात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. महाराष्ट्राच्या मुलाला पुन्हा वैयक्तिक पदक मिळायला २०२४ साल उजाडावे लागले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत ते मिळवले. मध्ये बहात्तर वर्षे गेली. खाशाबांची दुखापत अमुक केले असते तर टळली असती, असे म्हणण्याचा आगाऊपणा कोणी करू नये. मेहनतीत ते कुणाला हार जाणारे नव्हते. पण एका गुडघ्यावर किती जणांची आशा उभी असते, हे त्यांच्याकडे पाहून समजते. ज्या पोरांचे नाव वर्तमानपत्रात कधी येणार नाही, त्यांच्या गुडघ्यावर निदान एका घराची आशा असतेच.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. दिवाळीत खोबरेल तेलाची बाटली हलवून पाहा. तेल घट्ट झालेले असते. बाटली ऊन पाण्यात ठेवली की ते सळसळू लागते. स्नायू काही तेलासारखा गोठत नाही, पण ऊब मिळाली की त्याची चाल बदलते, एवढे या दाखल्यावरून लक्षात यावे. १९४५ साली डेन्मार्कच्या आस्मुसेन आणि ब्योये या दोन संशोधकांनी माणसांना सायकलीच्या यंत्रावर बसवून हे मोजले. स्नायूंचे तापमान वाढवल्यावर तीच माणसे तेच काम कमी वेळात करू लागली. तेव्हा अंग तापवल्याने काम चांगले होते, हे सिद्ध झाले. दुखापत टळते का, हा प्रश्न निराळा होता. त्याचे उत्तर मिळायला आणखी साठ वर्षे गेली.

मधल्या काळात एक समजूत रूढ झाली होती: खेळण्याआधी पाय ताणून धरावे, म्हणजे शीर तुटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात १,५३८ नव्या शिपायांवर ही समजूत पारखून पाहिली गेली; २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कवायतीपूर्वी स्नायू ताणणारे आणि न ताणणारे, दोघांच्या दुखापतींत लक्षात यावा असा फरक पडला नाही. तेव्हा नुसते ताणणे पुरेसे नाही. मग काय हवे?

उत्तर नॉर्वेतून आले. तेथे १२० क्लबांतले १५ ते १७ वर्षांचे १,८३७ हँडबॉल खेळाडू घेतले, मुलगे आणि मुलीही. अर्ध्या क्लबांनी सरावापूर्वी १५ ते २० मिनिटांचा ठरावीक व्यायाम केला: धावणे, तोल सांभाळणे, उडी मारून नीट उतरणे, मांड्यांचे बळ. उरलेल्यांनी आपला नेहमीचा क्रम ठेवला. हंगाम संपल्यावर गुडघा आणि घोटा यांच्या अचानक झालेल्या दुखापती मोजल्या. व्यायाम न करणाऱ्यांत त्या ८१ निघाल्या, करणाऱ्यांत ४८. हे २००५ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१८ साली चार युरोपीय देशांतल्या ७ ते १३ वर्षांच्या ३,८९५ फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा निष्कर्ष आला. तेथेही अशा व्यायामाने दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या.

पण या कथेत एक अपयशही आहे, आणि मला ते यशापेक्षा अधिक बोलके वाटते. जागतिक फुटबॉल संघटनेने २००३च्या सुमारास 'द इलेव्हन' नावाचा एक व्यायामक्रम बनवला होता. नॉर्वेतच सुमारे दोन हजार मुलींवर तो आजमावला, तर फरक काहीच पडला नाही! कारण शोधता दोन गोष्टी दिसल्या. क्रम एकसुरी होता, त्यात चढती पायरी नव्हती. आणि पुष्कळ संघांनी तो नियमाने केलाच नव्हता. मग क्रम सुधारला. तीन भाग केले: आठ मिनिटे सावकाश धावणे, दहा मिनिटे बळ, तोल आणि उड्या, दोन मिनिटे वेगाची धाव. सोप्याकडून अवघडाकडे जाण्याच्या पायऱ्या ठेवल्या. २००८ साली १,८९२ मुलींचा निष्कर्ष आला. एकूण आकड्यात कंबरेखालच्या दुखापतींचा फरक निर्णायक म्हणावा इतका नव्हता. पण गंभीर दुखापती मात्र जवळजवळ निम्म्यावर आल्या, आणि ज्या मुलींनी तो अधिक नियमाने केला त्यांना तो अधिक फळला.

हे वाचताना जुन्या वस्तादाला हसू आले असते. "अरे, खाडा केलास तर मेहनत कशाला म्हणायची?" असे तो म्हणाला असता. चढता क्रम, रोजचा नेम आणि डोक्यावर कोणीतरी पाहणारा, या तीन गोष्टी तालमीने शोधनिबंध न लिहिता पाळल्या होत्या.

म्हणून तालमीचे सगळेच बरोबर होते, असे मात्र समजू नये. जुन्याचा अभिमान धरावा, पण डोळे उघडे ठेवून. कोवळ्या पोराकडून हजार बैठका काढून घेणे ही मर्दुमकी नव्हे. बारा ते पंधरा वर्षांच्या वयात हाड झपाट्याने वाढत असते आणि त्याच्या टोकाशी असलेली कूर्चा नाजूक असते. तिच्यावर रोज एकच भार आला की गुडघ्याखाली कळ धरू शकते. दुखले तरी दम धर, हा उपदेश तर घातकच. मेहनतीचे दुखणे आणि दुखापतीचे दुखणे यांतला फरक पोराला शिकवला पाहिजे. आणि आपल्या प्रेमाच्या तेलाविषयीही खरे सांगावे लागेल. तेल चोळल्याने अंगाला सुख होते, मनाला धीर येतो. पण स्नायू खरा तापतो तो त्याने स्वतः काम केल्यावरच. ते काम फावडे करवून घेत असे.

उलट, नव्या खेळांच्या काही गरजा तालमीला ठाऊक नव्हत्या. कबड्डीत चढाई करणारा पूर्ण वेगात जाऊन एका पायावर वळतो. खो-खोत क्षणात थांबून दिशा पालटावी लागते. गुडघा फिरतो तो नेमका येथे. वयात येणाऱ्या मुलींत गुडघ्याचा मधला अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण, सारख्याच खेळात, मुलांच्या दुप्पट-तिप्पट आढळते. उडीवरून उतरताना गुडघा आत कलू न देणे ही त्यांना शिकवण्याची पहिली गोष्ट. मांजर भिंतीवरून उतरते तसे उतरावे: चवड्यावर, गुडघे किंचित वाकवून आणि आवाज न करता.

तर मग जुने आणि नवे जोडून शिरूर-दौंडच्या पोरांनी पहाटे काय करावे? पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही. आधी सात-आठ मिनिटे सावकाश धावावे: सरळ, मग तिरके, मग गुडघे उचलून, मग मागे. पुढची दहा मिनिटे बळाची. कोपरे आणि चवडे टेकून अंग फळीसारखे ताठ धरावे. एका पायावर उभे राहून तोल सांभाळावा. मोजक्या बैठका काढाव्या, पण गुडघा चवड्याच्या रेषेत राहील अशा बेताने. गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरावे आणि अंग सावकाश पुढे झुकवीत न्यावे. मांडीच्या मागच्या शिरेसाठी या एका व्यायामाचा गुण डेन्मार्कमध्ये ९४२ फुटबॉलपटूंवर २०११ साली सिद्ध झाला आहे. मग अलगद उतरण्याच्या उड्या. शेवटची दोन मिनिटे वेगाने धावून वळावे. एवढे झाले की घड्याळ लावावे. आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी हे व्हावे. एका दिवसात फळ मागू नये. हंगाम जाऊ द्यावा.

जत्रेच्या फडाविषयीही एक सांगायचे आहे. तेथे पहिल्या कुस्त्या लहान पोरांच्या असतात, नारळावरच्या, रेवड्यांवरच्या. पोरे तास तास कडेला मांडी घालून बसतात आणि नाव पुकारले की उठून भिडतात. मोठा मल्ल निदान शड्डू ठोकीत, उड्या घेत फडाला फेरी मारतो. लोकांना तो थाट वाटतो. त्याच्या मांड्यांना ती ऊब असते. पंचांनी लहान पोरांनाही पाच मिनिटे आधी उठवले, फडाभोवती दोन फेऱ्या मारायला लावल्या, तर जत्रेचे काही अडणार नाही.

खरा प्रश्न ज्ञानाचा नाही, सवयीचा आहे. वीस मिनिटांचा व्यायाम कंटाळवाणा असतो. त्याला टाळ्या नाहीत, ढाल नाही. त्याचे फळ म्हणजे न झालेली दुखापत, आणि जी झालीच नाही तिचे कौतुक कोण करणार? म्हणून पोरे तो आपण होऊन करणार नाहीत. करवून घेणारे माणूस हवे. तालमीत ते वस्ताद होते. आज शाळेतले सर आहेत, मैदानावरचा दादा आहे, भरतीची तयारी करून घेणारा निवृत्त जवान आहे. आणि यांपैकी कोणी नसेल तेथे घर आहे.

परवा दिवाळीच्या पहाटे न्हाऊन, फराळाचा लाडू तोंडात कोंबून पोरगा किंवा पोरगी बूट घालून दाराबाहेर निघेल. तेव्हा आजीने नेहमीप्रमाणे "तेल नीट जिरलं का रे?" असे जरूर विचारावे. पण त्याच दमात आणखी एक विचारावे, आणि सण सरल्यावरही रोज विचारीत राहावे: "पळायच्या आधी अंग मोकळं करणार आहेस ना?" उत्तर होकारार्थी येईपर्यंत दार अडवून उभे राहायलाही हरकत नाही. पूर्वीचा वस्ताद तरी दुसरे काय करीत असे?